टाचेचे पाच थेंब

मी एक कागद बोलतोय. वहीतला नव्हे, वर्तमानपत्राचाही नव्हे. मी टिपकागदाच्या जातीतला, जाड, पांढरा, तळहाताहून जरा लांब. माझ्या एका टोकाला छापील रकाने आहेत आणि दुसऱ्या टोकाला ओळीने पाच वर्तुळं. प्रत्येक वर्तुळात एका मुलीच्या टाचेचं रक्त आहे. आता ते वाळून तपकिरी झालंय. न सांगता दाखवलं तर कुणी म्हणेल, यावर चहा सांडलाय.

पाच वर्षं मला एक गोष्ट माहीत होती आणि विचारणारं कुणी नव्हतं. कागदाला आपणहून तोंड उघडता येत नाही. कुणीतरी हातात घेतलं तरच त्याचं बोलणं सुरू होतं. आज सांगायला मिळतंय, तर सगळं सांगून टाकतो.

माझा जन्म कापसातून झाला. कारखान्यात मला भिजवलं, दाबलं, वाळवलं आणि कापलं. तिथे तपासणीला एक बाई बसायच्या. दर गठ्ठ्यातला एक कागद उचलून त्या त्यावर पाण्याचा थेंब टाकायच्या आणि तो सगळीकडे सारखा पसरतो का ते बघायच्या. नव्या मुलीला शिकवताना म्हणायच्या, "हा कागद पोटात ठेवणारा हवा. घेतलेलं सोडणारा नको." माझ्या स्वभावाचं याहून चांगलं वर्णन मला नंतर कुणी केलेलं आठवत नाही.

तिथून मी एका इस्पितळात, बाळंतिणींच्या वॉर्डातल्या खणात आलो. एका सकाळी परिचारिकेने मला बाहेर काढलं. पलंगावर एक आई बसली होती. कपड्यांना इस्त्री करायच्या दुकानात ती काम करायची. तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याच्या दोन जुन्या खुणा होत्या. मांडीवर तिची दुसरी मुलगी होती, जन्माला येऊन जेमतेम दोन दिवस झालेली.

परिचारिकेने गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने बाळाचा पाय शेकला आणि टाच पुसली. आईने डोळे घट्ट मिटून घेतले.

"अहो, टोचणार तिला आहे, तुम्हाला नाही."

"मला माहितीये. तरी रडू येतं."

"मग दोघी रडा. मला तेवढं काम करू द्या."

बाळ रडलं. पहिला थेंब परिचारिकेने पुसून टाकला, दुसरा माझ्या वर्तुळाला टेकवला. तो थेंब मी प्यायलो. कोमट होता. मग पुढच्या वर्तुळात पुढचा, असे पाच. मागच्या पलंगावरून कुणीतरी हाक मारत होतं, म्हणून परिचारिकेने घाईघाईने रकाने भरले. बाळाला नाव नव्हतंच, म्हणून आईचं नाव लिहून पुढे लिहिलं, 'यांचं बाळ, मुलगी'.

मला वाळायला चार तास आडवं ठेवलं. खिडकीपाशी, पण उन्हात नाही. आयुष्यात माणसांच्या घोळक्यात मी राहिलो तो एवढाच वेळ. कान तपासणारा माणूस आला, बाळाच्या कानात त्याने बारीक नळी घातली आणि म्हणाला, "दोन्ही कान छान आहेत." दुपारी बाळाचे वडील मोठ्या मुलीला घेऊन आले. ती दोन वर्षांची होती आणि नाक वाहत होतं. तिने तोंडातलं अर्धं बिस्कीट बाहेर काढलं आणि आईच्या तोंडात कोंबलं. आईने खाल्लं.

"शी, उष्टं," वडील म्हणाले.

"मुलीचं कसलं उष्टं? वर्षभर माझं जेवण तेच आहे. ती टाकते, मी संपवते," आई म्हणाली आणि दोघं हसली.

मी हसू शकलो नाही. मुलीचं रक्त माझ्यात वाळत होतं आणि त्यात मला आणखी कुणीतरी जाणवत होतं. घरात चार माणसं जेवायला बसावीत आणि पाचव्याचा श्वास ऐकू यावा, तसं. इतका बारीक की त्याला अंग म्हणावं असंही काही नव्हतं. तो मुलीबरोबर आईच्या पोटातूनच आला होता. मी वाळलो तसा तोही निपचित पडला. त्याचं नाव मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

प्रयोगशाळेत गेल्यावर यंत्राने माझ्या पहिल्या वर्तुळातून टाचणीच्या डोक्याएवढ्या टिकल्या पाडल्या. दुखलं, पण मी मनातून खूश होतो. वाटलं, आता हे त्याला शोधतील. पण त्यांची यादी ठरलेली होती. गळ्याची ग्रंथी नीट आहे का, दूध पचतं का, आणखी पाचसहा गोष्टी. सगळं नीट होतं. माझ्यावर निळा शिक्का पडला, 'दोष नाही'.

त्यांचंही चुकलं नव्हतं. त्यांनी जे विचारलं ते माझ्यात नव्हतं, आणि जे होतं ते त्यांच्या यादीत नव्हतं.

मग मला तळमजल्यावरच्या खोलीत पाठवलं. थंड खोली, लोखंडी मांडण्या, पुठ्ठ्याच्या पेट्या. प्रत्येक पेटीवर जन्माचा महिना आणि वर्ष. एका पेटीत आम्ही शेकड्याने होतो, पण एकाचं रक्त दुसऱ्याला लागू नये म्हणून दोघांच्या मध्ये गुळगुळीत पातळ कागद घातलेला असतो. त्यामुळे शेजारी असूनही शेजार नाही. अशी पाच वर्षं गेली.

खोली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे पेटीबाई म्हणत. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, खांद्यावर कायम स्वेटर. दुपारी त्या एकट्याच डबा खायच्या. कधी पेट्यांना उद्देशून म्हणायच्या, "तुमचं बरं आहे बाबांनो, भूक नाही." मला वाटायचं, माझ्याशीच बोलल्या. पण त्या सगळ्यांशीच बोलायच्या.

खोलीचा एक नियम होता. पाच वर्षं झाली की त्या महिन्याची पेटी भट्टीत. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेटीबाई सर्वांत जुनी पेटी उतरवायच्या, झाकणावर फुली मारायच्या आणि ढकलगाडीवर ठेवायच्या. शेवटी आमच्या शेजारची पेटी गेली. मांडणीवर सर्वांत पुढे आता आमचीच होती. जायचं दुःख नव्हतं. पण माझ्या पोटातली गोष्ट माझ्याबरोबर जळणार होती आणि ती माझी नव्हती, त्या मुलीची होती.

त्यानंतर आठवड्याभरातच खोलीच्या काचेच्या खिडकीशी आवाज आला.

"बाळाच्या टाचेचं रक्त ठेवलेलं असतं ते इथेच का?"

मी आवाज ओळखला. आवाज तोच, पण त्यातलं हसू गेलं होतं.

पेटीबाईंनी तिच्या हातातली चिठ्ठी वाचली. कानाच्या डॉक्टरांनी दिली होती. मग जन्मतारीख विचारली. आईने सांगितली. महिन्याची शेवटची तारीख.

पेटीबाईंनी चिठ्ठी परत सरकवली. "ताई, तो महिना गेला."

"म्हणजे?"

"जाळला. गेल्या मंगळवारी. पाच वर्षं ठेवायचा हुकूम आहे, पाच वर्षं झाली."

तिच्याबरोबर पाच वर्षांची मुलगी होती, दोन्ही कानांमागे यंत्रं लावलेली. ती मोठ्या आवाजात म्हणाली, "आई, माझं रक्त कुठाय?" स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे तिला कळत नव्हतं. तिच्या केसांवरून हात फिरवत आई बाहेरच्या बाकावर बसली.

पेटीबाई दार उघडून बाहेर आल्या. "पाणी पिता का? कशाला हवं होतं एवढं?"

"दोन वर्षांची होईपर्यंत हिला चांगलं ऐकू यायचं," आई म्हणाली. "मग हळूहळू कमी होत गेलं. उजवा कान तर गेलाच, आता डावा चाललाय. डॉक्टर म्हणतात, एक विषाणू असतो, आईच्या पोटातच बाळाला लागतो. तोच असेल तर डावाही टिकणार नाही, उजव्या कानात यंत्र बसवायच्या ऑपरेशनला थांबू नका. पण तो जन्मापासून होता की नाही, हे जन्माच्या वेळच्या रक्तातच कळतं."

"मग ऑपरेशन तसंही करतीलच की."

"करतील." मग आई इतक्या हळू बोलली की पेटीबाईंना वाकावं लागलं. "बाई, ही आठ महिन्यांची असताना माझ्याकडून पडली होती. इस्त्रीच्या टेबलावर झोपवली होती, गिऱ्हाईक आलं म्हणून वळले आणि ही खाली. डोक्यावर. मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, डॉक्टरला नाही. ते विचारतात, कधी मार लागला होता का, आणि मी नाही म्हणते. दर वेळी नाही म्हणते. मला फक्त एवढंच कळायला हवं होतं की ते माझ्यामुळे झालं का."

मुलगी कंटाळली होती. तिने बूट काढला, मोजा काढला आणि पाय वर करून पेटीबाईंना दाखवला. "इथून काढलं होतं. बघ. भोक बुजलं."

पेटीबाई त्या टाचेकडे बघत राहिल्या. मग एकदम विचारलं, "रक्त घेतलं तेव्हा किती दिवसांची होती ही?"

"दोन."

"म्हणजे महिना उलटला होता." त्या उठल्या. "थांबा. उठू नका. आशाही लावून बसू नका, पण थांबा."

आत येऊन त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. "वीस वर्षं बघतेय. पाय टोचणारी बाई घाईत असते. रक्ताची तारीख लिहिते आणि तीच जन्माच्या रकान्यात लिहून मोकळी होते. महिनाअखेरची बाळं नेहमी पुढच्या महिन्यात सापडतात."

त्यांनी आमची पेटी खाली घेतली. खरंच होतं. माझ्या दोन्ही रकान्यांत एकच तारीख होती, दोन. माझा जन्माचा महिना चुकला होता, म्हणून मी वाचलो होतो. बोटं एकेक कार्ड चाळत पुढे सरकत होती. कार्डं थंड होती, बोटं गरम. आणि मग ती माझ्यापाशी थांबली.

पेटीबाईंनी मला काचेतून आईला दाखवलं. आईने स्वतःचं नाव वाचलं, 'यांचं बाळ, मुलगी' वाचलं. मुलीने काचेवर नाक टेकवलं आणि म्हणाली, "हे लाल नाहीये."

"जुनं झालंय गं," पेटीबाई म्हणाल्या.

मी तिला बघत होतो. तीच ती. माझ्यात तिचे पाच थेंब, आणि आम्ही एकमेकांना काचेपलीकडून अनोळखी.

प्रयोगशाळेत या वेळी माझ्या तीन वर्तुळांतून टिकल्या पाडल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई मदतनिसाला सांगत होत्या, "सापडला तर होताच. नाही सापडला तर मात्र नव्हताच असं म्हणता यायचं नाही, वाळलेल्या थेंबात तो कधीकधी निसटतो." ते ऐकून मी घाबरलो. पाच वर्षं पोटात ठेवलेलं ऐन वेळी निसटलं तर काय, या धास्तीत मी तीन दिवस काढले.

नाही निसटलं.

पुढच्या आठवड्यात आईला बोलावलं. टेबलावर मी, एका बाजूला डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला आई आणि मुलगी. पेटीबाईही कुठलंसं निमित्त काढून दारात उभ्या होत्या.

"सायटोमेगालोव्हायरस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाव लांबलचक आहे, आम्ही सीएमव्ही म्हणतो. जन्मापासून होता हिच्यात. शंका नाही."

तेव्हा मला माझ्या सोबत्याचं नाव कळलं.

त्यांनी सावकाश समजावलं. हा विषाणू बहुतेक मोठ्या माणसांत असतोच. कधीतरी थोडा ताप येतो, अंग मोडून येतं, नाहीतर तेवढंही नाही. मग तो जन्मभर एका कोपऱ्यात पडून राहतो. ज्यांची ताकद खचलेली आहे, कुणाची किडनी बदललीय, कुणाचे कॅन्सरचे उपचार चाललेत, त्यांना तो छळतो. डोळे, फुफ्फुसं, आतडी, कुठेही. आणि दुसरं म्हणजे पोटातलं बाळ. काही बाळं जन्मतःच आजारी दिसतात. बरीचशी अगदी धडधाकट दिसतात, आणि त्यांतल्याच काहींचे कान पुढे वर्षा-दोन वर्षांत जायला लागतात.

"मग माझ्यात कुठून आला?"

"लहान मुलांच्या थुंकीत, लघवीत तो महिनोन् महिने असतो. ही पोटात असताना घरात दुसरं लहान मूल होतं?"

"मोठी. दोन वर्षांची होत होती." आईने हातातली पिशवी खाली ठेवली. "मी तिचं उष्टं खायचे. रोज. तिच्या चमच्याने."

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिवस गेल्यावर तुम्हाला कुणी सांगितलं होतं, मोठीचं उष्टं खाऊ नका म्हणून?"

"नाही. गोळ्या सांगितल्या. जिने चढू नका म्हणाले."

"आम्ही सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ती चूक तुमच्या पदरात टाकून घेऊ नका, ती आमची आहे."

दारातून पेटीबाई म्हणाल्या, "ते दुसरं पण विचारा ना, ताई."

आईने मुलीचा हात घट्ट धरला. "आठ महिन्यांची असताना ही पडली होती. डोक्यावर."

"शुद्ध गेली होती? उलट्या झाल्या?"

"नाही. टेंगूळ आलं होतं. अर्ध्या तासात खेळायला लागली."

"मग त्याने नाही. हे त्याच्या फार आधीचं आहे. त्या टेबलावरून ती कधीच पडली नसती, तरी तिचे कान असेच गेले असते."

आईने मान हलवली. रडली नाही. पुढच्या तपासण्यांचे कागद तिने नीट घडी घालून पिशवीत ठेवले. ऑपरेशन किती लवकर करता येईल, डाव्या कानाची तपासणी दर किती महिन्यांनी, सगळं विचारून घेतलं. मग पेटीबाईंच्या मागोमाग तळमजल्यावर आली, कारण मला परत ठेवायचं होतं आणि एका कागदावर तिची सही लागत होती.

सही झाल्यावर तिने तिथेच उभ्याउभ्या नवऱ्याला फोन लावला.

"ऐका. आलाय निकाल. तोच विषाणू. हो, जन्मापासूनचा... हो, लवकर करूया म्हणाल्या." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणखी एक सांगायचंय. चिडा, पण फोन ठेवू नका. ही आठ महिन्यांची होती ना, तेव्हा दुकानात माझ्याकडून..."

मग बराच वेळ ती नुसतीच ऐकत होती. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" ती म्हणाली. "आंघोळ घालताना टेंगूळ दिसलं होतं? मग बोलला का नाहीत?"

पुन्हा थांबली.

"मी रडेन म्हणून? अहो, मी तशीही रडतच होते. एकटी."

आता मात्र ती रडली. बाकावर बसून, पदराने तोंड झाकून, मोठ्याने. मुलगी तिच्या गुडघ्यांशी उभी राहून तिच्या तोंडाकडे बघत होती. रडणं तिला ऐकू येण्याआधी दिसत होतं. पेटीबाईंनी त्या दोघींना तसंच राहू दिलं आणि उगीचच एक पेटी इकडची तिकडे केली.

मायलेकी गेल्या. मला आता पेटीत नाही ठेवलं. अशा निकाल लागलेल्या कागदांसाठी एक वेगळा लोखंडी खण आहे. त्यात ठेवलेलं जाळत नाहीत. महिनाभराने माझी जुनी पेटी ढकलगाडीवरून गेली. आठशेच्या वर होतो आम्ही. मी अंदाज करतो की आणखी दोघांतिघांच्या रक्तात तो असेल. त्यांच्या घरीही कुणी आई असेल, आपलं काय चुकलं ते आठवत बसलेली. तिला इथला पत्ता कुणी दिला नाही, आणि आता देऊन उपयोग नाही.

म्हणून विनंती करतो. तुम्हाला दिवस गेले असतील आणि घरात किंवा कामावर लहान मूल असेल, तर त्याचा चमचा वेगळा ठेवा. पापा कपाळावर घ्या. लंगोट बदलला, नाक पुसलं की साबणाने हात धुवा. माया करायला एवढी जागा पुष्कळ आहे. आणि बाळ झाल्यावर डॉक्टरांना विचारा, हा विषाणू तपासता का. पहिल्या तीन आठवड्यांत विचारा. तेव्हा कळलं तर औषध देता येतं, कानांवर पहारा ठेवता येतो. कारण ज्याची यादीत नोंद नाही, ते आम्हा कागदांना आपणहून सांगता येत नाही.

या खणात आम्ही फक्त चौघं आहोत. खण कधी उघडत नाही. ती मुलगी मोठी होईल, ऑपरेशन होईल, यंत्रातून आलेल्या आवाजांची तिला सवय होईल. तिचं रक्तही बदलत राहील, रोज नवं. माझ्याजवळ आहे ती दोन दिवसांची मुलगी. तिला अजून सगळं ऐकू येतं.